काचेतल्या समुद्राची मळी

मुलांनो, समजा कोणी तुमच्यासमोर काचेची एक मोठी टाकी ठेवली आणि सांगितलं, "यात समुद्राचं पाणी भर आणि त्यात प्रवाळ जगवून दाखव." तर तुम्ही सगळ्यात आधी काय आणाल? कोणी म्हणेल, रंगीबेरंगी मासे. कोणी म्हणेल, शंख-शिंपले. कोणी म्हणेल, झकास निळा दिवा! पण मोठमोठ्या मत्स्यालयांत हेच काम करणाऱ्या माणसांना विचारलंत, तर ती म्हणतील, "मासे मागाहून. आधी पाणी साफ ठेवण्याची सोय काय केलीय ते सांगा."

असं का बरं? पाणी तर काचेसारखं स्वच्छ दिसतंय! इथंच तर खरी गंमत आहे. प्रवाळाला मारणारी घाण डोळ्यांना दिसतच नाही. मग ती काढायची कशी, आणि त्यासाठी यंत्र कोणतं निवडायचं? चला, आज हेच पाहू या.

प्रवाळाला काय आवडतं?

प्रवाळ म्हणजे पोवळं. दिसायला दगड किंवा झाड, पण असतो तो प्राणी. खरं तर हजारो इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखी मऊ शुंडकं. हे प्राणी चुन्याची घरं बांधतात आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना देतं. आहे की नाही छान भाडेकरू?

आपल्या शेताला खतपाणी नीट मिळालं की पीक जोमदार. प्रवाळाचं मात्र उलटं आहे. त्याला जवळजवळ बिनखताचं, नितळ पाणी लागतं. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट ही 'खतं' वाढली की हिरवं शेवाळ माजतं, प्रवाळावर पसरतं आणि त्याचा प्रकाश अडवतं. हळूहळू प्रवाळ मरतं.

समुद्रात हे सहसा होत नाही, कारण समुद्र अफाट. तिथं एका माशाची घाण कुठल्या कुठे विरून जाते. टाकीत मात्र तेच पाणी, तेच मासे आणि रोजचं खाणं. ती घाण जाणार कुठे?

केर काढला, पण टाकला कुठे?

मासा खातो, श्वास घेतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया नावाचा पदार्थ पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच निघतो. हे विष आहे. पण पाण्यात काही उपकारी जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियापासून नायट्राइट बनवतात. हेही विषारीच! मग दुसरे जिवाणू नायट्राइटपासून नायट्रेट बनवतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही. पण आत्ताच आपण पाहिलं, प्रवाळाला ते नको असतं.

आता एक प्रश्न. समजा, तुम्ही घर झाडलंत, केर सुपलीत भरलात आणि सुपली घराच्याच कोपऱ्यात ठेवून दिलीत. घर स्वच्छ झालं का? नाही ना? वारा आला की केर पुन्हा घरभर.

पाणी गाळण्याचंही अगदी असंच आहे. स्पंजच्या गाळणीत घाण अडकते आणि पाणी नितळ दिसतं. पण ती घाण अजून पाण्यातच आहे, बरं का! त्या स्पंजमधूनच पाणी सारखं वाहत असतं. दोन-तीन दिवसांत तो धुतला नाही, तर अडकलेली घाण तिथंच कुजते आणि तिचं पुन्हा नायट्रेट होतं.

म्हणून कोणतंही यंत्र निवडताना एक प्रश्न आधी विचारायचा : हे यंत्र घाण पाण्याबाहेर काढतं, की नुसती लपवतं? हा प्रश्न हातात धरला की दुकानातली शंभर यंत्रंसुद्धा नीट ओळखता येतात.

पाच ठिकाणची पाच उत्तरं

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगातल्या हौशी आणि शास्त्रज्ञ मंडळींना बरीच वर्षं लागली.

इंडोनेशियात जाकार्ता इथं ली चिन एंग नावाचे गृहस्थ होते. १९६१ साली त्यांनी आपली युक्ती लेख लिहून जगाला सांगितली. टाकीत त्यांनी समुद्रातले सच्छिद्र दगड ठेवले आणि हवेचे थोडे बुडबुडे सोडले. बस्स! त्या दगडांवर आणि दगडांच्या आत कोट्यवधी जिवाणू राहत होते. अशा दगडांना 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवंत दगड म्हणतात. वरच्या थरातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात. दगडाच्या पोटात प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि तो बुडबुडा होऊन हवेत निघून जातो. आपल्या भोवतालच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, म्हणजे घाण खरोखरच घराबाहेर गेली.

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात वॉल्टर ॲडी या शास्त्रज्ञाने १९८० साली निराळीच वाट धरली. शेवाळ माजतं ना? मग माजू द्या, पण आपण सांगू तिथं! त्यांनी टाकीबाहेर जाळीवर, भरपूर उजेडात शेवाळ वाढवलं. त्याने पाण्यातलं 'खत' शोषून घ्यायचं आणि माणसाने ते शेवाळ खरवडून फेकून द्यायचं. इथंही घाण बाहेर गेली.

१९८६ च्या सुमारास अमेरिकेत ठिबक गाळणीची लाट आली. प्लॅस्टिकच्या काटेरी चेंडूंवरून पाणी ठिबकत ठेवायचं. चेंडूंना हवा भरपूर मिळते, त्यामुळे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि अमोनियाचा चट्कन फडशा पाडतात. लोक खूश झाले. पण काही महिन्यांनी पाहतात तो काय, पाण्यात नायट्रेटचा साठा! चेंडूंवर प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू राहणार कुठे? केर सुपलीतच राहिला होता.

जर्मनीतल्या बर्लिनच्या हौशी लोकांनी जिवंत दगड, प्रखर दिवे आणि एक फेस काढणारं यंत्र अशी जोडी जमवली. तिला आजही 'बर्लिन पद्धत' म्हणतात. आणि मोनॅको या चिमुकल्या देशात झाँ जोबेर या प्राध्यापकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी टाकीच्या तळाशी वाळूचा जाड थर देऊन, त्याच्याखाली थोडी पोकळी ठेवून, जिवाणूंकडूनच नायट्रेट फोडून घेतलं.

आज प्रवाळाच्या पुष्कळ टाक्यांत बर्लिनची जोडी दिसते, आणि सोबत वाळू किंवा शेवाळ. यातला दगड आपल्याला कळला. पण ते फेसाचं यंत्र काय आहे?

गुऱ्हाळ आणि स्किमर

तुमच्यापैकी कोणी गुऱ्हाळात गेलंय का? मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळत असतो. त्यात भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी घालतात आणि थोड्या वेळात रसावर मळी जमा होते. गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. मळी काढली नाही तर गूळ काळा पडतो. घरी तुरीची डाळ उकळतानाही आई वर आलेला फेस पळीने काढते, पाहिलंय ना?

प्रवाळाच्या टाकीत ही मळी काढणाऱ्या यंत्राला 'स्किमर' म्हणतात. इथं विस्तव नसतो. विस्तवाचं काम करतात हवेचे बारीक बुडबुडे. स्किमर म्हणजे एक उभी नळी. तिच्यात टाकीतलं पाणी येतं आणि लाखो बुडबुडे सोडले जातात. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, प्रवाळाचा चिकट स्राव यांतून पाण्यात प्रथिनं आणि तेलकट पदार्थ विरघळतात. या पदार्थांच्या कणांना जणू दोन टोकं असतात. एका टोकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला पाणी नकोसं असतं. मग ते नकोसं टोक पाण्यापासून सुटायला बुडबुड्याच्या हवेत शिरतं आणि अख्खा कण बुडबुड्याला चिकटून वर चढतो. वर फेस जमतो, नळीच्या अरुंद गळ्यातून वर सरकतो आणि एका पेल्यात पडतो. पेल्यात जमलेलं पाणी चहासारखं तपकिरी असतं, आणि वास? नाक दाबून धरा!

पण मुलांनो, एक लक्षात ठेवा. स्किमर अमोनिया काढत नाही, नायट्रेटही काढत नाही. घाण कुजून त्यांचं रूप घेण्याच्या आधीच तो ती बाहेर काढतो. म्हणजे केर घरभर पसरण्याआधीच त्याने उंबऱ्याबाहेर टाकला! आणि जाता जाता पाण्यात प्राणवायूही मिसळतो.

स्किमरचे तीन प्रकार नेहमी दिसतात. पहिल्यात हवेचा पंप आणि लाकडी दगडी, म्हणजे लाकडाचा सच्छिद्र ठोकळा. हा स्वस्त, पण ठोकळा काही आठवड्यांत चोंदतो, बदलावा लागतो. दुसऱ्यात पाणी अरुंद तोंडातून जोरात जाताना हवा आपोआप ओढून घेतं. याला पंप ताकदीचा लागतो. तिसऱ्यात पंपाच्या फिरत्या चक्रालाच बारीक काटे असतात. ते हवा चिरून तिचे बुडबुडे करतात. हा कमी विजेत भरपूर फेस देतो, म्हणून आज हाच जास्त दिसतो. प्रकार कोणताही असो, पाहायचं ते एकच. बुडबुडे बारीक हवेत आणि पाण्यात जास्त वेळ टिकायला हवेत.

निवड करताना थोडं गणित

आता पाटी-पेन्सिल घ्या. टाकी ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. पाणी किती मावेल? ९० × ४५ × ४५ = १,८२,२५० घन सेंटिमीटर. १००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर, म्हणून सुमारे १८२ लिटर. वर थोडी जागा रिकामी राहते आणि दगडही जागा अडवतात. म्हणजे खरं पाणी त्याहून कमीच.

स्किमरच्या खोक्यावर 'इतक्या लिटरसाठी' असं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा थोडे मासे असलेल्या टाकीसाठी धरलेला असतो. मासे जास्त असतील तर थोडा मोठा स्किमर घ्यावा. मग सगळ्यात मोठाच का घेऊ नये? कारण अवाढव्य स्किमरला पुरेशी घाणच मिळाली नाही, तर त्याच्या गळ्यात फेस टिकून वर चढत नाही. पायाला चप्पल बसते तशी टाकीला स्किमर बसला पाहिजे.

दुसरं गणित विजेचं. बऱ्याच ठिकाणी स्किमर मुख्य टाकीखालच्या छोट्या टाकीत ठेवतात. वरचं पाणी काठावरून सांडून खाली येतं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी थोडा वेळ खाली येतच राहतं. समजा, वरच्या टाकीतलं पाणी ३ सेंटिमीटर उतरलं. ९० × ४५ × ३ = १२,१५० घन सेंटिमीटर, म्हणजे १२ लिटर! खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी नसेल, तर सगळं खारं पाणी घरभर. म्हणून खालची टाकी कधी काठोकाठ भरायची नाही. आणि भारनियमनाच्या गावी बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ हवाच, नाहीतर प्राणवायूवाचून मासे गुदमरतात.

बाकीची यंत्रं थोडक्यात सांगते. स्पंज किंवा कापूस दिसणारे कण अडवतो. दोन-तीन दिवसांनी धुवा. खास तयार केलेला कोळसा पाण्याचा पिवळेपणा आणि वास शोषतो. पण त्याची छिद्रं भरली की काम बंद, मग नवा घालावा लागतो. स्किमरचा गळा आठवड्यातून एक-दोनदा पुसावा लागतो, कारण तिथं तेलकट थर बसला की फेस वर चढत नाही. म्हणजे यंत्र निवडताना आणखी एक प्रश्न आला : हे रोज कोण साफ करणार? जे साफ करायला सोपं, तेच खरं उपयोगी.

करून पाहा

दोन सारख्या, स्वच्छ धुतलेल्या पारदर्शक बाटल्या घ्या. साबणाचा अंशही नको. दोन्हींत अर्धा-अर्धा लिटर पाणी घाला, पण बाटलीत वर रिकामी जागा राहू द्या. एका बाटलीत तीन सपाट चमचे खडेमीठ विरघळवून, पाणी फडक्याने गाळून घ्या. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढंच हे झालं. आता झाकणं लावून दोन्ही बाटल्या एकदम दहा वेळा जोरात हलवा आणि लगेच उजेडासमोर धरा.

काय दिसलं? साध्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि पटकन वर जाऊन फुटतात. मिठाच्या पाण्यातले बारीक राहतात आणि जरा जास्त वेळ रेंगाळतात. म्हणूनच स्किमर खाऱ्या पाण्यात चालतो. गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत तो लावून उपयोग नाही. कोणी विकायला लागलं तर हा प्रयोग दाखवा!

मग आपल्या घरी प्रवाळ ठेवायचं का?

आता तुम्ही म्हणाल, "एवढं सगळं कळलं, तर आणू या ना प्रवाळ!" थांबा. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली प्रवाळांना त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं गेलं. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला! मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, लक्षद्वीपची बेटं तर प्रवाळांनीच घडवलेली आहेत. तिथून प्रवाळ तोडणं, विकणं, घरी आणून ठेवणं गुन्हा आहे. सहलीला गेलात तर एक तुकडाही खिशात घालू नका. परदेशांत हौशी लोक टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे तुकडे एकमेकांना देतात आणि समुद्रातल्या दगडांऐवजी बनवलेले सच्छिद्र दगड वापरतात. शिवाय प्रवाळाला साधारण २४ ते २७ अंश तापमान लागतं. आपल्या उन्हाळ्यात त्यासाठी पाणी थंड करणारं यंत्र रात्रंदिवस चालवावं लागेल.

पण आज शिकलेलं वाया जाणार नाही. तुमच्या घरी गोड्या पाण्याचे मासे आहेत ना? किंवा जत्रेतून पिशवीत आणायचा हट्ट चाललाय? कितीतरी घरांत नव्या टाकीतले मासे पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच मरतात. मोठी माणसं म्हणतात, "आपल्याला मासे लाभत नाहीत." लाभण्या-न लाभण्याचा प्रश्नच नाही, मुलांनो! नव्या टाकीत ते उपकारी जिवाणू अजून वाढलेलेच नसतात. त्यांना वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया साठत जातो आणि बिचारे मासे नितळ दिसणाऱ्या पाण्यात मरतात.

म्हणून सुरुवातीला एक-दोनच मासे ठेवा. खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. गाळणी म्हणून हवेच्या पंपावर चालणारी साधी स्पंजची गाळणी पुरे. ती रात्रंदिवस चालू ठेवा. दर आठवड्याला टाकीतलं पाव पाणी काढा आणि एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं पाणी घाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पंज नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरिन असतं. त्याने आपले उपकारी जिवाणूही मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीनदा पिळून घ्या. ते घाण पाणी ओतून देऊ नका हं, कुंडीतल्या झाडांना घाला. तिथं ते खत आहे!

पालकांनाही एक विनंती. मुलाने मासे मागितले तर आधी टाकी आणि गाळणी आणा, आणि मासे आणण्याचा दिवस कॅलेंडरवर महिनाभर पुढे लिहून ठेवा. त्या महिन्यात रोज टाकीत मुंगीएवढं खाणं मात्र टाकत राहा. ते कुजलं की जिवाणूंना जेवण मिळतं आणि ते वाढतात. रिकाम्या टाकीत रोज काय घडतंय याची नोंद मुलाला वहीत करायला सांगा.

आणि मुलांनो, पुढच्या वेळी एखाद्या मत्स्यालयात प्रवाळाची टाकी पाहाल, तेव्हा मासे पाहून झाल्यावर तिथल्या काकांना किंवा ताईंना तीन गोष्टी विचारा. इथली घाण पाण्याबाहेर कुठून जाते? वीज गेली तर काय करता? आणि स्किमरचा पेला आम्हाला दाखवाल का? दाखवला, तर त्यातलं तपकिरी पाणी कसं दिसलं आणि वास कसा आला, ते मला पत्राने नक्की कळवा!